आपला हरभरा

नानांनी उभा जन्म पाखरांमागं गोफण फिरवली. त्यामुळं "नांदूरमध्यमेश्वरला पाखरं बघायला जाऊ," म्हटल्यावर ते हसलेच. "तिकीट काढून पाखरं बघायची? आम्ही फुकट हाकलली ती."

जानेवारीतली सकाळ. चापडगावला पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. गोदावरी अन् कादवेच्या संगमावर इंग्रजांनी बंधारा घातला. मागं गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणकणीस माजलं, अन् त्या दलदलीत पाखरं उतरू लागली. १९८६ साली अभयारण्य झालं. २०२० साली रामसर यादीत नाव लागलं. महाराष्ट्रातलं ते पहिलंच.

नानांना हे सांगून काय उपयोग? पाणी उतरलं की गाळात ते हरभरा पेरायचे. मी सातवीत असताना एका रात्रीत थवा उतरला अन् हिरवंगार वावर बोडकं करून गेला. त्या साली माझी शाळा सुटली. वर्षभर मी कांदे खुरपले. नाना त्यावर कधी बोलले नाहीत, मीही नाही.

मनोऱ्यावर वाटाड्या पोरानं दुर्बीण लावून दिली. जवळच काळेभोर वारकरी पोहत होते, कपाळावर पांढरा टिळा. "हे माळकरी, गरीब," नाना म्हणाले. मग दुर्बीण बेटाकडं वळली अन् तिथंच थांबली. करड्या अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस.

"बाबा, ते पट्टकदंब," पोरगा म्हणाला. "हिमालय ओलांडून येतात. दिवसा पाण्यावर बसतात, रात्री रानात चरतात."

"ते मला सांगू नको," नाना म्हणाले. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. "एवढ्या लांबून येतंय म्हणल्यावर भूक लागणारच." थोडं थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पण पोरी, भूक आपल्यालाही होतीच की."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्या सालाबद्दल आम्ही बोललो ते एवढंच.

संध्याकाळी घरी आलो. आईनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "काय बघितलं मग एवढं?"

नानांनी टोपी खुंटीला लावली. शेजारी गोफण होतीच.

"आपला हरभरा," ते म्हणाले. "चांगला अंगी लागलाय."