हाक कुणाची, ते सांगू नका

रोडपालीत आता पूर्ण अंधार होतच नाही. कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे जाणारे ट्रेलर रात्रभर घरघरत असतात, टॉवरच्या खिडक्या उजळलेल्या असतात. तरीही खाडीकडून खारा वारा आला, की मला जुन्या गावातल्या आगरी आज्यांच्या गोष्टींतला गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, आठवतो. भुताची गोष्ट रंगात आली की त्यांचा आवाज चढत नसे, खाली येई. भरतीच्या वेळी पाठून हाक आली तर ओ द्यायची नाही, एवढंच त्या बजावत. हाक कुणाची, ते कधीच सांगत नसत. उरलेलं काम ऐकणाऱ्याचं मन करी.

पडद्यावरच्या भयकथेलाही हीच रीत मानवते. इंग्रज लेखक एम. आर. जेम्स यांची शिटीची भयकथा 1904 साली पुस्तकात आली. 1968 मध्ये जोनाथन मिलर यांनी बीबीसीसाठी तिचा कृष्णधवल चित्रपट केला. ओसाड किनारा, स्वतःशीच पुटपुटणारा प्राध्यापक, आणि मागे दूरवर हलणारं एक फाटकं फडकं. शेवटी भीती येते ती शेजारच्या रिकाम्या पलंगावरून, तिथल्या चादरीतून. रोज अंगावर घ्यायची वस्तूच उठून उभी राहते!

आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी न सांगण्यातली ही ताकद 'गहिरे पाणी' या मालिकेतून घरोघरी पोचवली. त्यांच्या कथेतलं भय बाहेरून येत नाही. माणसाच्या अपराधात, हव्यासात, एकटेपणात ते आधीच दबा धरून असतं. भयकथाकार नारायण धारपांच्या कादंबरीवरची 'ग्रहण' ही मालिका 2018 मध्ये झी मराठीवर आली, तेव्हा धारपांचं नाव नव्या पिढीच्या कानी पडलं याचा मला मनापासून आनंद झाला.

पण मालिकेसाठी भीतीला रोज संध्याकाळी हजेरी लावायला लावली, की तिची धार जाते. महिनोन्महिने ताणलेलं रहस्य शेवटी ढणढणत्या पार्श्वसंगीताच्या आधारावर उभं राहतं. गूढकथा एका बैठकीत वाचायची असते. पडद्यावरही ती एका बैठकीतच संपायला हवी.

धारप 2008 मध्ये गेले, मतकरी 2020 मध्ये. त्यांच्या कथा मात्र पुस्तकांत शाबूत आहेत. वाहिन्यांनी त्या पुन्हा उघडाव्यात, एका कथेला एकच रात्र द्यावी आणि प्रेक्षकाच्या कल्पनेवर विश्वास ठेवावा. तोवर आपण त्या वाचूया, आणि घरातल्या मुलांना हळू आवाजात सांगूया.