टेबल फॉर ट्वेल्व्ह, तुळजापूर!

फॅमिली ट्रिपमध्ये सगळ्यात कठीण काय? तिकिटं? हॉटेल? छे! बारा माणसांची जेवणं. एक्सेल शीटवर आखलेला धाराशिव जिल्ह्याचा तीन दिवसांचा मेन्यू आणि त्याचं पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत असते. मागे ती पोरांना घेऊन ऑर्लंडोच्या डिस्ने वर्ल्डला गेली. परत आल्यावर फोनवर राइड्सबद्दल चकार शब्द नाही. पाऊण तास फक्त रेस्तराँच्या रिझर्व्हेशनबद्दल! म्हणे तिथलं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. ही बया पहाटे अलार्म लावून लॅपटॉपसमोर बसली होती. "अगं, जेवणाची वेळ ठरली की बाकी दिवस आपोआप ठरतो," असा तिचा फण्डा.

तेव्हा मी खूप हसले. मग डिसेंबर २०२४ मध्ये माझ्यावर तीच वेळ आली. फक्त डिस्ने वर्ल्डच्या जागी तुळजापूर होतं.

बारा माणसं, तेरा नियम

कुलदैवताला जायचं बरीच वर्षं राहिलं होतं. ख्रिसमसच्या सुट्ट्या जुळल्या आणि शनिवार २८ ते सोमवार ३० असा प्लॅन ठरला. पहिल्या दिवशी पुण्याहून सोलापूरमार्गे तुळजापूर. रविवारी दर्शन आणि नळदुर्ग. सोमवारी धाराशिवची लेणी, तेर, आणि बार्शीवरून घरी.

आता टीम बघा. सासूबाईंना डायबेटिस, जेवणाआधी इन्सुलिन, त्यामुळे घड्याळाच्या काट्यावर जेवण. सासऱ्यांना तिखट चालत नाही, पण ते मान्य नाही. धाकटी जाऊ, तिचं चौदा महिन्यांचं बाळ, त्याला मऊ भात. दिरांना मात्र या भागात येऊन मटण नाही खाल्लं तर आयुष्य वाया. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे, हे त्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार वेळा टाकलं. नणंदेचे मिस्टर जैन. कांदा, लसूण, बटाटा बंद आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. त्यांची दोन मुलं आणि आमचा चिरंजीव फक्त नूडल्स. उरलो मी आणि नवरा. आम्हाला काहीही चालतं, म्हणून आम्हाला कोणी विचारत नाही.

मी एक्सेल उघडलं. सात जेवणं, सहा नाश्ते, प्रत्येकापुढे वेळ, अंतर, प्लॅन बी. सासूबाईंचा कॉलम पिवळ्या रंगात. मग फोन करायला बसले. "टेबल बुक करायचंय, बारा जणांचं." पलीकडून आवाज, "या की ताई. टेबल काय पळून चाललंय व्हय?"

रिझर्व्हेशन ही भानगड इथे नाहीच. पण मग कळलं की दुसरी एक आहे. सकाळी फोन करून "दुपारी बारा माणसं, ज्वारीच्या भाकरी, दोन भाज्या, एकाला बिनलसूण" असं सांगितलं, की खानावळवाला त्या हिशेबाने पीठ मळायला घेतो. न सांगता गेलात तर मेन्यूकार्डावरचं पनीर खायचं. सांगून गेलात तर शेंगदाण्याची चटणी, पिठलं, गरम भाकरी.

पणजोबांचं बुकिंग

तुळजापूरचं जेवण मात्र वेगळ्याच खात्यात होतं. तिथे पिढ्यानुपिढ्या एकेका घराण्याचे पुजारी ठरलेले असतात. आडनाव, गाव आणि आजोबांचं नाव सांगितलं, की वहीतून तुमची कुंडली निघते. सासऱ्यांनी फोन केला. पुजारीकाका म्हणाले, "तुमचे वडील येऊन गेले ना इकडे? पुरणाचा नैवेद्य घरीच करू. किती माणसं?" म्हणजे आमचं टेबल सासऱ्यांच्या आजोबांनी बुक करून ठेवलं होतं, आणि अजून कोणी कॅन्सल केलं नव्हतं!

रविवार हा गर्दीचा वार. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमाही तशाच. म्हणून आम्ही पहाटेच रांगेत लागलो. हेमाडपंती मंदिर, पायऱ्या उतरत खाली जायचं, वाटेत गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ. देवीचं वेळापत्रक तर आपल्यापेक्षा कडक. वर्षातून तीनदा ती पलंगावर निद्रा घेते. शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी. त्या काळात अभिषेक होत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा ती सिंहासनावर होती. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. नवऱ्याच्या आजारपणात बोललेला नवस आठ वर्षांनी फिटला, एवढंच म्हणाल्या. ही गोष्ट घरात आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती.

मग पुजाऱ्यांकडे पाट-ताट, पुरणपोळी, कटाची आमटी, तूप. सासूबाईंना पोळीचा चतकोर, बाकी भाजी-भाकरी. जावईबापूंसाठी वेगळी बिनलसणाची आमटी. एक्सेलमधली पहिली हिरवी टिक!

निघताना पुजारीकाकांनी मला विचारलं, "उद्या सोमवारी येळवस आहे, माहिती आहे ना?"

"हो हो," मी म्हणाले. वाटलं, कसली तरी एकादशी असेल. हे 'हो हो' लक्षात ठेवा.

पाण्यातला महाल

दुपारी नळदुर्ग, तुळजापूरपासून साधारण पस्तीस किलोमीटर. सोलापूर-हैदराबाद हायवेवरून दिसतो तेव्हा वाटतं, ठीक आहे, एक किल्ला. आत गेल्यावर आ वासतो. बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात चक्क महाल! विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम, १६१३ चं. पावसाळ्यात धरण भरलं की नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि मधल्या पाणीमहालाच्या खिडकीत बसून ते बघायचं. चारशे वर्षांपूर्वीचा वॉटर पार्क, बॉस! मात्र धबधबे बघायचे तर भरपूर पाऊस झाल्यावर या. आम्हाला डिसेंबरात फक्त शांत पाणी, बगळे आणि उपळी बुरुजावरचा गार वारा मिळाला. पोरं तिथेही तीन तास दमली नाहीत.

नळदुर्गचा खंडोबा तर भारीच. तो वर्षातले सव्वादहा महिने शेजारच्या अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला येतो. पौष पौर्णिमेला त्याची मोठी यात्रा भरते. सुट्टीचं कॅलेंडर देवाचंही असतं, तर!

सूर्यास्ताआधी जावईबापूंचं जेवण उरकलं. अंधार पडल्यावर दिरांना मटण मिळालं. काळा रस्सा, कडक भाकरी. ते पंधरा मिनिटं काहीच बोलले नाहीत. दुसरी हिरवी टिक.

येळवस म्हणजे काय, ते तेव्हा कळलं

सोमवारी सकाळी धाराशिवची लेणी पाहिली. शहरापासून सातेक किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात कोरलेली. आतली पार्श्वनाथांची मूर्ती पाहून जावईबापू हात जोडून उभे राहिले. ही लेणी मुळात बौद्ध असावीत असंही काही अभ्यासक मानतात. पोरांना त्यात रस नव्हता, त्यांना वटवाघळं हवी होती.

एक्सेलप्रमाणे सव्वा वाजता शहरात जेवण. एक वाजता गाडी गावात शिरताना मी ऐटीत म्हणाले, "आई, दहा मिनिटांत जेवण. इंजेक्शन घ्या." त्यांनी घेतलं.

आणि गाडी थांबली ती बंद शटरपुढे. पुढचं हॉटेल, बंद. त्यापुढचं, बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोन लावला, तर उचलणाऱ्याच्या मागे नुसता वारा आणि हसण्याचा आवाज. "ताई, आज कुणी गावात नस्तंय. आम्ही श्यातात आहोत."

दीड वाजून गेला. सासूबाईंचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम. त्या काही बोलेनात, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. माझ्याच सांगण्यावरून इन्सुलिन घेतलेलं. सात जेवणं, सहा नाश्ते, प्लॅन बी, सगळं होतं माझ्याकडे. फक्त पिशवीत एक साधा खाऊचा डबा नव्हता. जावेने पर्स उपडी केली. त्यात तुळजापूरच्या प्रसादाची पुडी होती, खडीसाखरेची. कित्येक वर्षांत गोडाला न शिवलेल्या सासूबाईंनी ती कडाकडा चावली. दहा-पंधरा मिनिटांनी घाम थांबला. पण साखर हे काही जेवण नव्हे. वर लगेच काहीतरी खायलाच हवं होतं.

तेवढ्यात शेजारून एक मोटरसायकल गेली आणि वळून परत आली. मागे बाई, मांडीवर घट्ट धरलेलं मातीचं बिंदगं. "काय झालं? कुठं चाललाव?" नवऱ्याने सांगितलं. ते हसलेच. "आज येळवस हाय. हाटेल कुठलं उघडं ऱ्हातंय? चला आमच्या मागं." आम्ही किती जण आहोत, असंही विचारलं नाही. मीच ओशाळून म्हणाले, "बारा आहोत." बाई म्हणाल्या, "मग काय झालं?"

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या. धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या काही भागात त्या दिवशी गावंच्या गावं रानात जातात. ज्वारी डोलत असते, हरभरा भरत असतो. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव आणि लक्ष्मी मांडून पूजा करायची, पिकात आंबील शिंपडायची आणि मग जो भेटेल त्याला बोलवून जेवायचं. शेतात येऊन न जेवता जायचं नाही, हा इथला नियम.

घोंगडीवर बसलो. भज्जी आली. म्हणजे आपली कांदाभजी नव्हे हं! तूर, वाटाणा, हरभरा, पावटा, मेथी, गाजर, जे जे हिरवं ते सगळं बेसनात शिजवलेलं. वाफवलेले बाजरीचे उंडे. ज्वारीच्या पिठाची ताकातली लसूण घातलेली आंबील, मातीच्या भांड्यातली, गारेगार. गव्हाची खीर. जावईबापूंना भज्जी-आंबील चालेना, तर त्यांच्यापुढे उंडे, खीर आणि मूठभर शेंगदाणे आले. बाळाने उंडा कुस्करून अंगभर फासला. नूडल्सवाल्या मंडळींनी तर आंबील तीनदा मागून घेतली. आणि सासूबाई? घरच्या आजीबाईंशेजारी बसून निवांत जेवत होत्या, शुगर, गुडघे आणि सुना या विषयांवर.

मी त्यांच्याजवळ गेले. "आई, सॉरी. माझ्यामुळे…"

"अगं, इंजेक्शन मी घेतलं. ताट पुढ्यात आल्याशिवाय घ्यायचं नाही, हे डॉक्टरांनी मलाही सांगितलंय," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पण एवढी बारीक सोय आजवर माझी कुणी पाहिली नव्हती गं. पिवळा रंग दिसला मला, तुझ्या कॉम्प्युटरात."

निघताना नवऱ्याने पाकीट काढलं. त्या काकांनी ते तसंच परत त्याच्या खिशात ढकललं. "पुढच्या येळवशीला या," एवढंच बिल झालं.

तुम्ही जाल तेव्हा

कसं जाल? पुणे ते तुळजापूर सोलापूरमार्गे साधारण तीनशे किलोमीटर. सोलापूरहून तुळजापूर ४५ आणि तुळजापूरहून धाराशिव पंचवीसच्या आत. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडी दोन्ही नावं आहेत, गोंधळू नका.

आधी काय बघाल? पंचांग! वेळ अमावस्या दर वर्षी तारीख बदलते. २०२४ सालात तर ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. नवरात्र, कोजागरी आणि देवीचा निद्राकाळही तपासा.

बुकिंग कसं कराल? सकाळी फोन. माणसं किती, तिखट किती, कोणाला काय चालत नाही, हे स्पष्ट सांगा. पुजाऱ्यांकडे नैवेद्य हवा तर आदल्या दिवशीच.

सोबत काय ठेवाल? डायबेटिसवाले कोणी असतील तर खडीसाखर आणि भाकरी-चटणीचा डबा हाताशी, डिकीत नाही. इन्सुलिन ताट समोर आल्यावरच.

काय आणाल? भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढे. कुंथलगिरी जैनांचं सिद्धक्षेत्रही आहे. तिथल्या खव्याला आणि तुळजापूरच्या कवडीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय.

आणि हो, कोणी "उद्या येळवस आहे, माहिती आहे ना?" असं विचारलं, तर 'हो हो' म्हणू नका. "नाही, सांगा ना" म्हणा. टेबल तिथेच बुक होतं.