तीन नायिका आणि एक स्वयंपाकघर

कादंबरीतील नायिकेविषयी वाचकाने मत द्यावे, यात नवल नाही. परंतु नायकाने कोणत्या नायिकेवर प्रेम करावे, हेच वाचकाच्या हाती सोपवले तर त्या मताचे काय होते? जपानमध्ये रुजलेल्या ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ या प्रकाराने हा प्रश्न उभा केला आहे. चित्रावर उमटत जाणारा मजकूर, संगीत आणि मधूनच समोर येणारे दोन-तीन पर्याय. त्यांतला एक निवडला की कथा त्या वाटेने पुढे जाते. याला खेळ म्हणतात आणि वाचणाऱ्याला खेळाडू. प्रत्यक्षात काम बहुतांशी वाचनाचेच असते.

‘फेट/स्टे नाइट’ ही या प्रकारातील गाजलेली कृती ‘टाइप-मून’ या संस्थेने २००४ मध्ये प्रौढांसाठी म्हणून प्रसिद्ध केली. लेखन किनोको नासू यांचे, चित्रे ताकाशी ताकेउची यांची. सात मांत्रिक सात पुराणवीरांना आवाहन करतात आणि इच्छापूर्ती करणाऱ्या पवित्र चषकासाठी झुंजतात, अशी ही अद्भुतकथा आहे. मूळ आवृत्तीतले शृंगारप्रसंग २००७ च्या प्लेस्टेशन आवृत्तीत गाळले गेले. त्यावाचून कथेचे काही अडले नाही, असे म्हणणारे वाचक पुष्कळ आहेत आणि मला त्यांचे म्हणणे पटते. वादाचा खरा विषय तो नव्हेच.

नायक शिरो एमिया हा एका भीषण अग्निकांडातून वाचलेला मुलगा. ज्याने वाचवले त्या पालकपित्याचे स्वप्न त्याने उचलले आहे : सर्वांना वाचवणारा ‘न्यायाचा कैवारी’ व्हायचे. त्याच्या प्रेमाच्या वाटा तीन. सेबर, म्हणजे स्त्रीरूपात अवतरलेला राजा आर्थर. रिन तोसाका ही बुद्धिमान, फटकळ मांत्रिक. आणि साकुरा मातो, त्याच्या घरी येऊन स्वयंपाकात हात लावणारी अबोल मुलगी. वरवर पाहता हा आपल्या परिचयाचा नायिकाभेदच वाटतो. मात्र आपल्या शास्त्रकारांनी नायिकांच्या अवस्था वर्णिल्या, त्या सगळ्या सहृदयापुढे एकत्र मांडल्या. स्वाधीनपतिकेचे सुख वाचण्यासाठी विरहोत्कंठितेला दुःखात सोडून यावे लागत नाही. येथे सोडावे लागते.

शिवाय निवड दिसते तितकी मोकळीही नाही. पहिल्या वाचनात सेबरचीच वाट उघडते. ती संपल्यावर रिनची, आणि शेवटी साकुराची. या सक्तीवर खेळाडूंची नाराजी आहे : प्रेमाचे पर्याय द्यायचे आणि क्रमही लादायचा, हे कसे? सेबरचे पक्षपाती तिच्या निरोपाच्या उदात्ततेवर बोलतात. २००७ च्या आवृत्तीत पुनर्भेटीचे एक प्रकरण जोडले गेले, त्याने तो निरोप सौम्य झाला अशी त्यांच्यातल्याच काहींची तक्रार असते. रिनचे चाहते अधिक व्यवहारी. ती नायकाला भक्त म्हणून नव्हे, बरोबरीचा म्हणून वागवते, असे ते म्हणतात; आणि याच वाटेवर शिरोला आपल्याच स्वप्नाने पोळलेले आपले भावी रूप भेटते, म्हणून रचनेच्या दृष्टीने ती सर्वांत बांधीव ठरते. साकुराविषयी मात्र मते दुभंगतात. कोणी तिला दुबळी म्हणतो, कोणी अपराधी, तर कोणी या संपूर्ण कृतीचा गाभा.

माझे मत तिसऱ्यांच्या बाजूला झुकते, आणि त्याचे कारण ते स्वयंपाकघर आहे. पहिल्या दोन वाटांवरही साकुरा तेथे येते, पदार्थ करते, हसते. त्या वेळी वाचकाचे लक्ष तलवारींकडे असते. तिसऱ्या वाटेवर कळते, की ती रिनची सख्खी बहीण आहे. लहानपणी मातो घराण्याला दत्तक दिली गेली आणि तेथे मंत्रविद्येच्या नावाखाली वर्षानुवर्षे छळली गेली. म्हणजे सेबरचा निरोप वाचताना आपण हेलावलो, त्याही दिवसांत हा छळ त्याच गावात चालू होता. तिला ‘नीरस’ ठरवणारे मत तिचे निम्मेही आयुष्य पाहण्याआधी तयार झालेले असते. लादलेल्या क्रमाचे समर्थन मला येथे सापडते : आपण तिच्यावरून दोनदा निघून गेलेलो असतो, आणि हे दोनदा निघून जाणे घडल्यावाचून तिसरी वाट इतकी बोचली नसती.

साकुरा जगली तर अनेकांचे प्राण जातील, हे उघड झाल्यावर शिरोपुढे पर्याय येतो. कैवारी राहायचे, की या एकीचा पक्ष घ्यायचा? ज्यांना साकुरा आवडत नाही, त्यांच्याही नावडीत बहुधा याच प्रश्नाचे उत्तर दडलेले असते. एकीसाठी व्रत मोडणारा नायक त्यांना पतित वाटतो. साकुराचे कैवारी विचारतात, की समोरच्या माणसाला वाचवत नाही ते व्रत कोणाचे? लेखकाने आपला कौल रचनेतून दिला आहे. व्रत पाळण्याचा पर्याय निवडला की साकुराचा बळी जातो आणि कथा तेथेच संपते. खेळाच्या परिभाषेत तो ‘वाईट शेवट’. तरीही कित्येक खेळाडूंना तो आखूड, थंड शेवटच अधिक खरा वाटतो. लेखकाने चूक ठरवलेले उत्तर वाचकाने बरोबर मानावे, असा हा प्रकार छापील कादंबरीतही घडतो. पण तेथे ते उत्तर वाचकाला स्वतः बोट टेकवून द्यावे लागत नाही.

२०२४ मध्ये या कृतीचे अधिकृत इंग्रजी भाषांतर संगणकावर उपलब्ध झाले आणि जुने वाद नव्या वाचकांत पुन्हा सुरू झाले. त्या एका पर्यायापाशी संगीत चालू राहते, दोन ओळी पडद्यावर थांबतात. उत्तराला वेळेची मर्यादा नाही. हवे तितका वेळ थांबता येते.