तहानेची पानगळ

पहाटे चारच्या सुमारास तंबूचं कापड गालाला लागलं आणि जाग आली. आतून मुठीने ढकललं, तसं वरून काहीतरी जड घसरलं आणि कापड पुन्हा ताणलं गेलं. झोपताना पाऊस भुरभुरत होता. आता कसलाच आवाज नव्हता. अंधारातून मैत्रीण म्हणाली, "अगं, बर्फ पडतोय. फिल्टर आत घेतलास ना?" घेतला होता. पाणी गाळायच्या फिल्टरमधल्या बारीक नळ्या ओल्या असताना गोठल्या की फाटतात आणि वरून काही दिसत नाही, म्हणून या दिवसांत तो स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी धरून झोपायचं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. आम्ही वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतातल्या एन्चांटमेंट्स नावाच्या तळ्यांच्या पट्ट्यात होतो. 15 मे ते 31 ऑक्टोबर या काळात इथे रात्री मुक्काम करायचा तर परवाना लागतो, आणि त्याची सोडत निघते. सिअ‍ॅटलमध्ये राहायला आल्यापासून मी अर्ज करत होते. यंदा नाव लागलं. आदल्या दिवशी आम्ही कोलचक तळ्यावरून आसगार्ड खिंड चढलो होतो. एक मैलही अंतर नाही, पण चढ सुमारे 2200 फुटांचा, सगळा सुट्या धोंड्यांचा. पाठीवर सॅक असली की त्या खिंडीत बोलणं बंद होतं.

सकाळी तंबूची चेन उघडली. टाच बुडेल एवढा बर्फ साचला होता आणि त्यात पिवळी लार्चची झाडं उभी होती.

ही झाडं पाहायलाच मी आले होते, त्यांचे फोटो शेकड्यांनी पाहिले होते, तरी तंबूच्या दारात गुडघ्यांवर बसून मी कितीतरी वेळ बाहेरच पडले नाही. रंग पिकल्या सोनचाफ्याचा. सुया इंचभर लांबीच्या, तीस-चाळीस सुयांचा एकेक झुबका, आणि त्या प्रत्येक झुबक्यावर चिमूटभर बर्फ. सूर्य नव्हता. उजेड खालच्या बर्फावरून वर येत होता, त्यामुळे फांद्यांच्या एरवी सावलीत असणाऱ्या खालच्या बाजू उजळल्या होत्या. तळ्यापलीकडे एक पांढरी पहाडी शेळी उभी होती. तिची फक्त काळी शिंगं दिसत होती, ती हलली तेव्हा कळलं की तिथे कुणी आहे.

लार्च हे सूचिपर्णी झाड. देवदार, चीड यांच्याच कुळातलं. पण ते दरवर्षी सगळी पानं गाळतं, आणि सूचिपर्णींत असं करणारी झाडं मोजकीच आहेत. इथली जात उंचावरची. 1858 पासून 49व्या अक्षांशावर अमेरिका आणि ब्रिटिश मुलखाची सीमा आखली जात होती, ते काम करणाऱ्या ब्रिटिश तुकडीबरोबर डेव्हिड लायल हा शल्यचिकित्सक आणि निसर्गअभ्यासक होता. त्याचं नाव या जातीला आहे. भारतातही लार्च आहे, हे मला इथे येऊन कळलं: उत्तर सिक्कीममध्ये, लाचेन आणि लाचुंगच्या खोऱ्यांत. सह्याद्रीत वाढलेल्या आम्हा ट्रेकर मंडळींपैकी कुणी त्याबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही, आणि त्याची मला चुटपुट लागली.

माझं गाव माण तालुक्यातलं. पावसाच्या सावलीतलं, कायम कोरडं. शाळेच्या पुस्तकात होतं की शिशिरात थंडीने पानं गळतात. आमच्याकडे तसं दिसायचं नाही. थंडीत पळस भरलेला असायचा. विहिरीचा तळ दिसायला लागला की तो उघडा व्हायचा, पांगाराही तेव्हाच. मी आजोबांना विचारलं होतं, की पुस्तकात थंडी लिहिलीय आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला पानं का गळतात? ते म्हणाले, "पाणी नाही बाळ. पानं ठेवली तर झाड सुकंल." एवढंच. 1972चा दुष्काळ पाहिलेला माणूस, त्याला यात समजावून सांगण्यासारखं काही वाटलं नसावं. मी मात्र अनेक वर्षं मनात दोन पानगळी धरून राहिले: एक पुस्तकातली, परदेशी, थंडीची, आणि एक आमची, तहानेची.

त्या सकाळी मात्र स्टोव्ह पेटवून पातेल्यात बर्फ कोंबताना मला आजोबा आठवले. पातेलं काठोकाठ भरलं होतं आणि वितळून हाती आलं जेमतेम कपभर पाणी. चहा व्हायला तीनदा बर्फ भरावा लागला. चहूकडे पाणीच पाणी आणि पिण्याजोगं काही नाही. झाडाचं तेच होतं. हिवाळ्यात इथली जमीन गोठते. मुळांच्या भोवती पाणी असतं, पण ते दगडासारखं. वर वारा आणि ऊन पानातला ओलावा ओढत राहतात, खालून भरपाई येत नाही. सदाहरित फर आपल्या सुयांवर मेणाचा लेप देऊन तग धरतो, तरी बर्फाच्या वर डोकावणारे त्याचे शेंडे सुकून करपतात. म्हणून खिंडीजवळचे फर गुडघ्याएवढे, जमिनीला चिकटून पसरलेले दिसतात. लार्च त्याच उंचीवर, किंबहुना त्याहून वर, सरळ उभा असतो. त्याच्याकडे हिवाळ्यात सुकायला पानच नसतं.

दोन पानगळी नव्हत्याच. माणचा पळस आणि हा लार्च एकाच कारणासाठी उघडे होतात. आजोबांचं उत्तर 7000 फुटांवरच्या बर्फालाही लागू पडत होतं.

दुसरीही एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लार्च पान नुसतं टाकत नाही. आधी त्यातलं हिरवं द्रव्य मोडतो, त्यातला नायट्रोजन बराचसा फांदीत परत ओढून घेतो आणि मगच देठ सोडतो. पिवळा रंग उन्हाळ्यातही पानात असतोच, हिरवा निघून गेला की तो दिसतो. या ग्रॅनाइटच्या खडकात माती मूठभर. तिथे असं काटेकोर राहिल्याशिवाय शेकडो वर्षं जगता येत नाही, आणि यातली काही झाडं हजार वर्षांच्या घरात जातात. आम्ही ज्याला सोनं म्हणत होतो, ते आवराआवर झाल्याचं चिन्ह होतं. मला भीती वाटली होती की अवेळी आलेला बर्फ या झाडांना मारक ठरेल. पान हिरवं असताना कडक गोठण आली तर आतलं सगळं तिथेच अडकतं, ते नुकसान खरं. पण इथल्या बहुतेक झाडांनी आपलं काढून घेतलं होतं. बर्फ उशिरा पोचला होता.

दहाच्या सुमारास वारा सुटला. पहिल्या झुळकीत फांद्यांवरचा बर्फ पडला, दुसरीत सुया. पांढऱ्यावर पिवळ्या सुयांचा थर साचत गेला आणि आमच्या तंबूभोवतीच्या पावलांच्या खुणा त्याने भरून गेल्या. आम्ही दोघी गप्प उभ्या होतो. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं नाही.

मग निघावं लागलं. ओला बर्फ पडलेला ग्रॅनाइट साबणासारखा निसरडा होतो, वाट दाखवणारे दगडांचे ढीग झाकले गेले होते. आम्ही बुटांना मायक्रोस्पाइक्स चढवून स्नो लेक्सच्या बाजूने उतरायचं ठरवलं. या दिवसांत इथे गर्दी असते, लोक त्याला 'लार्च मॅडनेस' म्हणतात. त्या सकाळी वर चढून येणारे फारच थोडे भेटले. त्यातल्या दोघांच्या पायांत साधे पळायचे बूट होते. त्यांना आम्ही परत फिरायला सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, याचं मला समाधान आहे. पिवळी झाडं दर वर्षी होतात.

तळ्याच्या काठाने जाताना एका मोठ्या झाडाखाली वीतभर उंचीचं लार्चचं रोप दिसलं. अर्धं बर्फात. त्याच्या सुया पिवळ्या नव्हत्या, गर्द हिरव्या होत्या. मला वाटलं, हे उशिरा जागं झालं असेल, याला हिशेब अजून कळत नसेल. नंतर वाचलं तेव्हा उलगडलं. या जातीची लहान रोपं वीस-पंचवीस वर्षांची होईपर्यंत काही पानं हिवाळाभर हिरवीच ठेवतात. तोवर ती वर फारशी वाढत नाहीत, मुळं खाली उतरवत राहतात. एवढं बुटकं रोप हिवाळाभर बर्फाखाली गाडलेलं असतं, त्याला वारा लागत नाही. तिथे पान टाकायची गरज नसते. जे झाड बर्फाच्या वर आलं, त्यालाच पानं टाकावी लागतात.

आम्ही खाली उतरेपर्यंत वर पुन्हा बर्फ सुरू झाला होता. ते रोप तोवर पूर्ण झाकलं गेलं असेल.