उजवीकडची जागा

वडिलांच्या जीपचे स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे आणावे की आहे तिथेच राहू द्यावे, हा प्रश्न गेली दोन वर्षे आमच्या घरात मुक्काम ठोकून आहे. जगात याहून मोठे प्रश्न आहेत हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु मोठ्या प्रश्नांवर आमचे मत कोणी विचारीत नाही, आणि या प्रश्नावर मिस्त्री दर महिन्याला फोन करून विचारतात.

जीप १९६७ सालची, महिंद्राची सीजे-३बी. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना तिचे उंच, काहीसे बेढब बॉनेट आठवेल. ते सौंदर्यदृष्टीने उंच केलेले नव्हे. आत बसवलेल्या 'हरिकेन' इंजिनाच्या इनलेट व्हॉल्व्ह वर, डोक्यात, आणि एक्झॉस्टच्या खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि अमेरिकेत विलीज कंपनीने सरळ बॉनेटच वर उचलले. गिअर तीन. दोन्ही धुऱ्यांना जोर पुरवण्यासाठी शेजारी आणखी दोन छोटे दांडे. आणि स्टेअरिंग डावीकडे, रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशात.

याचे कारण इतिहासात आहे. जीप हे दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य, अमेरिकन सैन्यासाठी घडवलेले, म्हणून डाव्या स्टेअरिंगचे. युद्ध संपल्यावर १९४५ साली मुंबईत महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली. पुढे गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. माझगावात विलीजचे सुटे भाग जोडून जीपगाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे उजव्या स्टेअरिंगच्याही निघाल्या, पण सरकारी खात्यांतून, पोलीस ठाण्यांतून डाव्या स्टेअरिंगच्या जीप कित्येक वर्षे फिरत राहिल्या. आमची त्यांतलीच. एका खात्याच्या लिलावात वडिलांनी ती १९७९ साली घेतली.

वडील भोरला डॉक्टर होते. आई शिकलेली परिचारिका. बाळंतपणाच्या केसेसना ती बरोबर असे. वेळवंड खोऱ्यातून, हिरडस मावळातून, वरंधा घाटाच्या अंगच्या वाड्यांवरून कोणत्याही वेळी माणूस बोलवायला येई आणि ही दोघे निघत. वडील डावीकडे चाकाशी, आई उजवीकडे मांडीवर औषधांची पेटी घेऊन. (सत्यनारायणाच्या पूजेला यजमानाच्या उजव्या हाताला पत्नी बसते, तशी. आईला हे आम्ही एकदा म्हणून दाखवले तेव्हा ती म्हणाली, पूजेत निदान उठून चहा टाकता येतो.)

ज्याने डाव्या स्टेअरिंगची गाडी आपल्या रस्त्यावर चालवलेली नाही, त्याला पुढची गोष्ट समजावून सांगणे भाग आहे. पुढे मालमोटार असेल तर डावीकडे बसलेल्या चालकाला तिची पाठ दिसते, कडेचा चर दिसतो, मैलाचे दगड दिसतात. समोरून काय येते आहे ते दिसत नाही. ते पाहायचे तर जवळजवळ अख्खी गाडी मधल्या रेषेपलीकडे काढावी लागते, म्हणजे जे टाळायचे त्याच्याच तोंडी द्यावी लागते. उजवीकडे बसलेल्याला मात्र सगळे दिसते. म्हणून आमच्या जीपमध्ये पाहणारे डोळे एकाचे आणि वळवणारे हात दुसऱ्याचे, अशी वाटणी होती. आईचे दोनच शब्द असत: "थांबा" आणि "घ्या." ती "घ्या" म्हणाली की वडील क्षणभरही न घुटमळता चाक उजवीकडे वळवीत. पुढे आम्ही चालवू लागलो तेव्हा "घ्या"चे "घे" झाले, बाकी सारे तेच राहिले.

डावीकडे बसण्याचा फायदाही होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अरुंद रस्त्यावर समोरच्या वाहनाला वाट देताना डावे चाक कडेच्या मातीत नेमके किती उतरले ते चालकाला मान वाकवून बघता येते. दरी डाव्या अंगाला असली म्हणजे हे ज्ञान फारच दिलासा देणारे असते.

वडील २०११ मध्ये गेले. आई आता चौऱ्याऐंशीची आहे आणि तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला आहे. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. आम्ही एकुलते एक, तेव्हा हे 'आम्ही' निव्वळ सवयीचे, त्यात दुसरे कोणी नाही. जीपमध्ये एकटे बसलो की ते फार जाणवते. दोन वर्षांपूर्वी कापूरहोळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागून आम्ही जीप बाहेर काढली आणि समोर दुधाची टेम्पो होती. काही झाले नाही. टेम्पोवाल्याने जे शब्द वापरले ते येथे देता येणार नाहीत, पण ते अनाठायी नव्हते.

तेव्हापासून हा प्रश्न.

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या आमच्या स्नेह्यांचे मत एकमुखी होते: हात लावू नका. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले; पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेले, खासगी वापराचे आणि मूळ रूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, चासी, बॉडी वा इंजिनात भारी फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षांची, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. आमची जीप यात अगदी चपखल बसते. मात्र असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतेच. म्हणजे निवड अशी: जीपने जसे होते तसे राहावे आणि हिंडणे सोडावे, किंवा हिंडावे आणि जसे होते तसे राहू नये. वयस्क माणसांपुढेही साधारण हीच निवड असते, पण ते असो.

(अशा ठिकाणी थिसिअसच्या जहाजाचा दाखला देण्याची प्रथा आहे. तो आम्ही देणार नाही.)

मिस्त्रींचे म्हणणे निराळे होते. "होतं साहेब," ते म्हणाले, "पण करायचं तर धड करायचं." मग त्यांनी जमिनीवर खडूने चासी काढून दाखवली. स्टेअरिंगची पेटी डाव्या दांड्यावर बसलेली असते. तिच्यापासून ड्रॅग लिंक पुढच्या बेलक्रँकला, तिथून टाय रॉड दोन्ही चाकांना. हीच पेटी उचलून नुसती उजवीकडे नेली तर चाक एकीकडे फिरवावे आणि गाडी दुसरीकडे वळावी असे होऊ शकते. म्हणून उजव्या बाजूची पेटीच वेगळी हवी. क्लच आणि ब्रेकचे पायटे जमिनीखालून फिरतात, ब्रेकचा मास्टर सिलिंडर डाव्या पायाशी खाली आहे, ते सारे पलीकडे न्यायचे. शिवाय या जीपचा पुढच्या धुरीकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नेमका उजव्या अंगाने जातो, तेव्हा तिथे जागा अडचणीची. कारखान्यातून उजव्या स्टेअरिंगच्या निघालेल्या जीपचे सुटे भाग मिळवले तर काम सरळ. जुगाड केले तर एके दिवशी घाटात चाक हातात येईल. आणि एकदा चासीला नवी भोके पडली की ती बुजवता येतात, पण पडली नव्हती असे करता येत नाही. मिस्त्रींच्या या वाक्यात आम्हांस आमच्या बाजूचा पुरावा सापडला आणि आम्ही तो पुष्कळ दिवस वापरला.

कायद्याचे आम्ही वाचले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात डाव्या स्टेअरिंगच्या वाहनासंबंधी एक स्वतंत्र कलम आहे, एकशे विसावे. असे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवायचे तर त्यावर यांत्रिक किंवा विजेवर चालणारे इशारा देण्याचे साधन चालू स्थितीत हवे. डावीकडे बसलेल्या चालकाला उजवीकडे हात काढून इशारा देता येत नाही, हा त्यामागचा विचार उघड आहे. म्हणजे चालकाच्या मनात काय आहे ते इतरांना दिसावे एवढी काळजी कायद्याने घेतली. चालकाला इतर दिसावेत, याविषयी मात्र ते कलम बोलत नाही. ते काम शेजारी बसलेल्यावर सोपवले असावे.

ज्या देशात हा प्रश्न एका कुटुंबाचा नव्हता, सगळ्यांचाच होता, त्याने काय केले? स्वीडनमध्ये रहदारी डाव्या बाजूने चाले आणि बहुतेक मोटारींची स्टेअरिंगेही डावीकडेच असत. अरुंद रस्त्यावर पुढचे वाहन ओलांडताना आमच्या वडिलांची जी गत, तीच तिथे घरोघरी. १९५५ मध्ये लोकांचा कौल घेतला तेव्हा ८३ टक्के लोकांनी बदलाला नकार दिला. तरीही सरकारने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे साऱ्या देशाची रहदारी उजवीकडे नेली. आमची जीप तयार झाली त्याच वर्षी. गाड्या बदलण्यापेक्षा रस्ता बदलणे त्यांना सोपे वाटले. ब्रह्मदेशाने १९७० मध्ये उजवी बाजू धरली, पण गाड्या उजव्या स्टेअरिंगच्याच राहिल्या. म्हणजे आमच्या आईची जागा तिथे रातोरात लाखो माणसांच्या वाट्याला आली. त्या आकड्यांत नकार देणारे ८३ टक्के आम्हांस फार जवळचे वाटले. इतक्या लोकांना धोका कळत नव्हता असे नव्हे. सवय झाली की धोकाही आपला वाटतो.

आमची मुलगी सव्वीस वर्षांची आहे. मृदसंधारणाच्या कामासाठी ती याच खोऱ्यांतून हिंडते आणि जीप तिला हवी आहे. आम्ही तिला आजी-आजोबांच्या त्या दोन शब्दांची कहाणी पुन्हा एकदा सांगितली; या जीपमध्ये चालवणे हे एकट्याचे काम नाही, विश्वासाचे आहे, वगैरे. तिने ऐकून घेतले.

"बाबा," ती म्हणाली, "म्हणजे जिच्यातून मला एकटीनं कुठं जाता येणार नाही अशी गाडी तुम्ही मला देताय."

आम्ही गप्प बसलो. मग ती म्हणाली, "आणि आजीला कुणी विचारलंय का, तिला तिथं बसायला आवडायचं का म्हणून?"

विचारले नव्हते. बत्तीस वर्षे ती तिथे बसली, ही आमच्या लेखी त्या जीपची सर्वांत सुंदर गोष्ट होती. आणि सुंदर गोष्टींना कोणी प्रश्न विचारीत नाही. त्या संध्याकाळी आम्ही आईला विचारले.

आईने जे सांगितले ते आम्ही प्रथमच ऐकत होतो. १९८६ चा पावसाळा, आम्ही तेव्हा पुण्यास वसतिगृहात. एका वाडीवरचे बाळंतपण आटोपून दोघे रात्री परतत होते. पुढे एसटीची गाडी, रखडत चाललेली. समोरून एकच दिवा येत होता, बराच दूर, आईला वाटले मोटारसायकल. ती "घ्या" म्हणाली. तो एक दिवा बंद पडलेला ट्रक होता. वडिलांनी जीप उजवीकडच्या चरात घातली. चर उथळ होता. वडिलांच्या कपाळाला खोक पडली, आईच्या मांडीवरची पेटी फुटली, एवढ्यावर निभावले.

"ह्यांनी गावात सगळ्यांना सांगितलं, माझा अंदाज चुकला," आई म्हणाली. "मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

त्यानंतर दोन-तीन महिने ती फक्त "थांबा" म्हणे. मोकळा रस्ता असला तरी. वडील मुकाट्याने मैलमैल ट्रकमागून येत. मग एके दिवशी पेशंटची हालत वाईट होती आणि तिला पुन्हा "घ्या" म्हणावे लागले.

"विश्वास होता त्यांचा," आम्ही म्हणालो.

"होता ना. म्हणून तर." ती थोडा वेळ थांबली. "बदलून टाक ते. पोरीला तिचं तिला दिसू दे."

तरीही आम्ही लगेच हो म्हटले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. आणखी एक महिना आम्ही चासीला पडणाऱ्या भोकांचा मुद्दा पुढे करीत राहिलो. मग एका रविवारी तिघे जीपने निघालो; मुलगी डावीकडे चाकाशी, आई मागच्या बाकावर, आणि आम्ही जन्मात पहिल्यांदा उजवीकडच्या जागी. आजवर या जीपमध्ये आम्ही एकतर मागे बसलो होतो नाहीतर चालवली होती. पुढे ट्रॅक्टर आला, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. समोर रस्ता चांगला अर्धा मैल सरळ आणि रिकामा. त्याच्या टोकाला, वळणाशी, काहीतरी चमकले. पत्रा असेल, पाणी असेल.

"बाबा?" मुलीने विचारले. तिचे डोळे ट्रॉलीवर, हात चाकावर, आणि चाक किंचित उजवीकडे झुकलेले. आम्ही तोंड उघडले की ती वळवणार होती.

आम्हांला "घे" म्हणता आले नाही. "थांब," आम्ही म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो. ट्रॅक्टर आपणहून शेतात वळेपर्यंत आम्ही त्याच्यामागे होतो. मागे आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सांगितले की कारखान्याच्या उजव्या पेटीचा शोध घ्या, जुगाड नको, आणि जुनी पेटी भंगारात घालू नका. वाहनाच्या नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये असे कायद्याचे बावन्नावे कलम सांगते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितले आहे; म्हणून आधी परिवहन कार्यालयाला रीतसर विचारायचे ठरवले. याच नमुन्याची जीप निर्मात्याने उजव्या स्टेअरिंगचीही काढली होती, हा आमचा आधार. नकार आला तर जीप 'व्हीए' होऊन अंगणात राहील आणि मुलीला दुसरी गाडी पाहू. व्हिंटेजवाल्या स्नेह्यांना अजून कळवलेले नाही.

अर्जाचा मसुदा तीनदा लिहिला. पहिल्या दोहोंत वडील आले होते, भोर आले होते, १९७९ चा लिलावही. तिसऱ्यात कारणाच्या जागी एकच ओळ ठेवली: चालकास समोरून येणारे वाहन दिसत नाही. आईला तो वाचून दाखवला.

"तारीख घातलीस का?" तिने विचारले.

घातली नव्हती.