साहेब, याची पेज होईल का?

नागावला आमच्या घरी सकाळी चूल पेटली की पहिली पेज चढते. तरीही नवा नोकरीला लागलो तेव्हा खारेपाटात मी सांगत फिरे, "लाल राता सोडा, सुधारित भात लावा, खंडीने पिकेल." एका आजींनी विचारले, "साहेब, याची पेज होईल का?" मी हसण्यावारी नेले.

त्या भादव्यात उधाणाने बांध फुटला. खाऱ्या पाण्यात मी दिलेले भात करपले. आजींचा राता तगला. दिवाळीनंतर त्यांनीच मला पेज वाढली, सोबत सुकटीची चटणी. माझी मान वर होईना.

भगिनींनो, रात्याचा तांदूळ फार सडू नका. लाल कोंड्यातच ब जीवनसत्त्व असते. वाटीभर तांदूळ आठ वाट्या पाण्यात मंदाग्नीवर दाणा फुटेपर्यंत शिजवा, शेवटी मीठ घाला.

आज पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे खारे पाणी सोसणारे वाण आहेत. ते जरूर लावा. पण चार गुंठे राता पेजेसाठी राखा. मी आता कुठल्याही भाताची शिफारस करण्याआधी शेरभर तांदूळ घरी शिजवून पाहतो.