आधी प्रश्न, मग टेस्ला

एफएमआरआयचा, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूच्या स्कॅनचा, बेत आखताना ‘मशीन किती टेस्लाचं?’, म्हणजे त्याचा चुंबक किती ताकदीचा, हा प्रश्न सर्वांत आधी येतो. माझ्या मते तो दुसरा. मेंदूत नेमकं काय पाहायचंय, हे आधी ठरायला हवं. हे मशीन पेशींमधली वीज टिपत नाही, रक्त टिपतं. प्राणवायू सोडून बसलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवलं. त्या गुणाची खूण स्कॅनमध्ये उमटते, हे १९९० मध्ये सेइजी ओगावांनी उंदरांच्या मेंदूवर सिद्ध केलं. काम करणाऱ्या भागाकडे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त धावतं, तिथलं प्राणवायूहीन हिमोग्लोबिन विरळ होतं आणि सिग्नल किंचित चढतो. चुंबक जोरदार केला की हा चढ वाढतो. त्याहून मोलाचं असं, की ७ टेस्लावर शिरांच्या आतल्या रक्ताचा सिग्नल चटकन विझतो आणि केशवाहिन्यांभोवतीच्या ऊतींचा वाटा वाढतो; म्हणजे खूण प्रत्यक्ष काम करणाऱ्या पेशींच्या जवळ सरकते. पृष्ठभागावरच्या मोठ्या शिरांचा प्रभाव मात्र नेहमीच्या पद्धतीत उरतोच.

मग मोठा चुंबक केव्हाही चांगलाच, असं कुणी म्हणेल. पण नॉइज दोन तऱ्हेचा असतो. एक उष्णतेतून येणारा, जो सिग्नलइतका वाढत नाही. दुसरा श्वास आणि हृदयाच्या ठोक्यांचा. तो सिग्नलच्या बरोबरीनेच वाढतो. ३ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे स्कॅनमधल्या सर्वांत लहान घन ठोकळ्यामध्ये, हा दुसराच वरचढ ठरतो, त्यामुळे ३ वरून ७ टेस्लावर जाऊनही स्पष्टता त्या प्रमाणात वाढत नाही. व्हॉक्सेल १ मिलिमीटरच्या आत आणला, तरच खर्च वसूल होतो. मेंदूची साल जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड. तिचे थर वेगळे पाहायचे तर ७ टेस्लाला पर्याय कठीण. मात्र तिथे डोकं मिलिमीटरभर हललं, तरी अख्खा व्हॉक्सेल घसरतो.

सायनसच्या वरचा, डोळ्यांमागचा भाग तर आणखी अवघड. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं, आणि ही विकृती टेस्लाच्या प्रमाणात वाढते. तिथला सिग्नल गायबच होतो. पातळ स्लाइस, नीट शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) आणि पॅरलल इमेजिंगने (अनेक कॉइल वापरून स्कॅन जलद घेण्याने) यातलं बरंच सावरतं, हा आक्षेप रास्त आहे. पण ते उपाय ३ टेस्लावरही चालतात, आणि तिथे सावरायचं मुळात कमी असतं. मेंदूतली गाठ काढण्यापूर्वी हात हलवणारा मेंदूचा पट्टा तिच्यापासून किती दूर आहे, एवढंच सर्जनला हवं असेल, तर मी रुग्णाला ३ टेस्लावरच झोपवीन.